चुन्याखालची नीळ

नाशिकरोड,
२२ फेब्रुवारी २०२६

ती. नवसाताईस,
गौतमीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले आणि मी आज उत्तराला बसते आहे, तेव्हा आधी मनातल्या मनात माझा कान पिळून घे. कानावरून आठवलं. धम्मपालने हौसेने आणलेलं कानाचं यंत्र तू पिठाच्या डब्यामागे टाकून दिलंस म्हणे. शिट्टी मारतं म्हणून लावत नाहीस, ठीक आहे. पण मग लेकाचा फोन आला की ऐकू येत नाही म्हणून त्याच्यावर रुसायचंही नाही. मला मात्र तुझा बहिरेपणा सोयीचा पडला आहे. त्याच्यापायी सगळ्या नात्यागोत्यात आपल्या दोघींचीच पत्रं अजून चालू आहेत.

आता बातमी. बसून वाच. बाबांनी केलेलं बाहुलीचं घर सापडलं.

भद्रकालीतले हारुनभाई तुला ठाऊक आहेत, माझ्यासाठी बाहुल्यांची जुनी घरं हेरून ठेवणारे भंगारवाले. सोमवारी त्यांचा फोन आला की चांदवडला एका घराचा माळा रिकामा केला, त्यात देवदारी फळ्यांचं काहीतरी निघालंय, बघून जा. मी काही आशेने गेले नव्हते. वीस वर्षं मी ही घरं गोळा करते आहे. देवळालीचे बंगले पाडले तेव्हा निघालेली, पत्र्याची, सागाची, एक तर आठ खोल्यांचं, अशी अकरा झाली. झोपायच्या खोलीत आता झोपायलाच जागा नाही. लोक विचारतात की बाई, रिटायर झाल्यावर हे काय खूळ, तर मी सांगते की शाळेत इतकी वर्षं चित्रकला शिकवली, हात गप्प बसत नाहीत. खरं कारण तुला माहीत आहे. कुठलंही घर हातात आलं की मी ते आधी उलटं करते आणि तळ बघते.

या घराच्या तळाला तापलेल्या पटाशीने डागलेला ‘सा’ आहे. बाबांचा, सावळीरामचा सा. मी दुकानातच रडायला लागले. हारुनभाईंनी बिचाऱ्यांनी पोराला पाणी आणायला पिटाळलं आणि स्वतः पाठ करून उभे राहिले.

अवस्था काही चांगली नाही. कौलं गेली, जिना गेला, खालच्या खोलीत कुणीतरी कोंबडीची पिल्लं कोंडत असावं. पण चारही खोल्या उभ्या आहेत. माझा नियम आहे की घर आणलं की महिनाभर त्याला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. घाईने दुरुस्त केलेलं घर मेलेलं असतं. तेव्हा सध्या ते खिडकीखाली आहे आणि मी चहाचा कप घेऊन त्याच्यापुढे बसते.

आईला हळूच सांग. तिची तब्येत कळव. तुझी माया मुरंब्यासारखी मुरत राहो,

तुझी
गौतमी


नांदगाव,
२ मार्च २०२६

चि. गौतमीस,
ताईचे आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

पत्र वाचता वाचता दूध उतू गेलं, त्याचा दोष तुझ्यावर. वर पातेलं मीच घासलं.

आईला सांगितलं. माझे कान तर गेलेच, पण आईचे ओठ मला वाचता येतात, बाकी कुणाचे येत नाय. घर सापडलं म्हटल्यावर भिंतीकडे तोंड करून निजली. भाकरी कुस्करून ठेवली ती तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी माझा पदर ओढून विचारलं, की त्याला स्वयंपाकघर आहे का अजून. मी म्हटलं, विचारते गौतमीला. तेव्हा ते कळव.

तिचं मन कुठे आहे ते मला कळतंय, म्हणून लिहिते. तुला बेबी आठवणार नाय, तू तीन वर्षांची होतीस. मी बारा वर्षांची. ती मधली. सत्तरच्या पावसाळ्यात जुलाब-उलट्या लागल्या आणि दोन दिवसांत गेली, पाच वर्षांची. शाळेत घालताना चांगलंसं नाव ठेवू असं बाबा म्हणायचे, ते राहूनच गेलं. नाव नाय, फोटो नाय, कुठला कागद नाय. आता गेल्या दिवाळीपासून आईने एकच घोळ धरलाय, की मला बेबीचा चेहरा दिसत नाय. डोळे मिटते, कपाळावर ठोके मारते, आणि म्हणते दिसत नाय. मी सांगते गोरी होती, नाक बसकं होतं. ती म्हणते ते तू सांगतेस गं, मला दिसत नाय.

गौतमी, त्या घराशी बेबी रात्रंदिवस खेळायची. आईला ते बघून पोरीचं काही आठवलं तर आठवलं. डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हणून सांगितलंय, शहाऐंशी पूर्ण झाली, काय भरवसा. तुझा तो महिनाभर टकामका बघायचा नियम या खेपेला गुंडाळून ठेव. जयंतीपर्यंत घर इकडे आलं पाहिजे. बाई, एवढं कर.

धम्मपाल कांद्याच्या गाड्या घेऊन फिरतोय, महिन्यातून दोनदा तोंड दाखवतो. मी बरी. जीव लावतेस तशीच लावत जा.

तुझी
थोरली ताई, नवसा


नाशिकरोड,
९ मार्च २०२६

ती. ताईस,
जयभीम. वि. वि.

नियम गुंडाळला. तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी ओटीवरचं टेबल रिकामं केलं आणि घर त्यावर घेतलं. आईला सांग, स्वयंपाकघर आहे, अगदी धड आहे. बाबांनी मातीची चूल केली होती ती फळीला चिकटलेली आहे, बोटभर उंचीची. फळीवर मडकी मांडायला भोकं पाडली आहेत. काय माणूस होता गं! देवळालीच्या बंगल्यात दारं दुरुस्त करायला जायचा, तिथल्या मुलीचं विलायती घर नुसत्या नजरेने मापून आला, आणि खोक्याच्या फळ्यांतून आपल्या पोरींना हे करून दिलं. त्या घरात जेवणाचं मोठं टेबल असणार. आपल्या घरात चूल.

जिना झाला. कौलांना जुन्या खोक्याच्या पट्ट्या मिळाल्या. नवं ते नवं दिसलं पाहिजे, जुन्याचं सोंग आणायचं नाही, हे माझं तुला माहीत आहेच. चहाचं पाणी फासून फळी जुनी करणारे लोक मला खोट्या नोटा छापणाऱ्यांसारखे वाटतात.

एकाच ठिकाणी डोकं फिरलं. बाकीच्या तीन खोल्यांना बाबांचा मूळ फिका पिवळा रंग आहे, पण स्वयंपाकघराला कुण्या अडाण्याने चुना फासला आहे. तोही गचाळ, हाताने थापल्यासारखा, एका जागी जाड आणि एका जागी विरळ. चांदवडवाल्यांचंच काम असणार. पुढच्या आठवड्यात तो सगळा काढून टाकते आणि पिवळा रंग वर आणते. मग आईला तिचं स्वयंपाकघर जसंच्या तसं बघायला मिळेल.

रमजान चालू आहे. खालची नसीम रोज संध्याकाळी भज्यांची ताटली पाठवते आणि मी रोज उद्यापासून नको म्हणते. तिची नात आयत पाच वर्षांची आहे, ती घरापुढून हलत नाही. तिला बघून मला बेबी कशी असेल असं वाटत राहतं. आईला माझा जयभीम. जिव्हाळा कमी होऊ देऊ नकोस,

तुझी
गौतमी


नांदगाव,
१७ मार्च २०२६

चि. गौतमीस,
आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र स्पीडपोस्टाने टाकतेय. मिळाल्याबरोबर हातातलं काम खाली ठेव. स्वयंपाकघराच्या भिंतीला हात लावू नको.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवत होते. कुण्या अडाण्याने चुना फासला, हे वाचलं आणि आई उठून बसली. म्हणाली, मी फासला. मला वाटलं ओठ वाचायला मी चुकले. पुन्हा विचारलं. छातीवर हात आपटून सांगितलं, मी, मी.

आता नीट ऐक. ती सत्तरची जयंती. आदल्या दिवशी आईने पांढऱ्या लुगड्यांना घालायला घमेल्यात नीळ कालवली होती. बेबीने त्यात अख्खा पंजा बुडवला आणि घरात, स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर, चुलीच्या वर, दाबून धरला. लोक नव्या घराला हळदीचे हात उमटवतात, तसा. मी तिथेच होते. आईने तिला बदडलं, बाबा हसले. म्हणाले, असू दे, घरभरणी झाली. तो हात मला ठाऊक होता, पण मला वाटायचं बेबी गेल्यावर बाबांनी तो खरवडून टाकला. आईनेच तसं सांगितलेलं. छप्पन वर्षं मी बाबांवर राग धरून होते गं. बाबा गेले तरी धरून होते.

खरवडला नव्हता. बेबीला माती देऊन आल्यावर आठव्या दिवशी आई एकटी घरी होती, तो हात बघवेना, म्हणून तिने चुन्याचं बोट बोट घेऊन त्याच्यावर लिंपलं. बाबांना कळल्यावर ते त्याच संध्याकाळी घर उचलून चांदवडला दोस्ताच्या पोरीला देऊन आले आणि वर्षभर तिच्याशी बोलले नाय. आई म्हणते, रंग दिला नाय, खरवडलं नाय, चुनाच लावला, कारण चुना काढता येतो. कधीतरी धीर येईल तेव्हा काढीन म्हणून. तो धीर आता आलाय. म्हणते, चेहरा नाय तर नाय, माझ्या बेबीचा हात मला दाखवा.

तेव्हा तो चुना कोरडाच काढ. पाणी अजिबात लावू नको, नीळ पाण्याने पळते. तुला मी काय सांगणार, तू यातली जाणकार. घाई कर म्हणाले होते ते विसर. शेजारच्या अक्काबाईला आज तिच्या मोबाइलवरून तीनदा तुला फोन लावायला लावला, तू उचलत नाहीस. तरी तू काही एवढ्यात त्या भिंतीपर्यंत पोचली नसशील. तुझ्या हातावर माझा भरवसा आहे.

ताई


नाशिकरोड,
१८ मार्च २०२६

ती. ताईस,
जयभीम. वि. वि.

आज मी खुशीत आहे, तेव्हा अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे. स्वयंपाकघर निघालं!

त्या चुन्याने मला चार दिवस छळलं. आधी भिंतीवर पाणी मारून चुना भिजवला, मग पातळ पट्टीने सोलला. मागच्या भिंतीला, चुलीच्या वर, खाली निळे डाग निघाले. पाच-सहा लांबट आणि त्यांच्याखाली एक मोठा फतकल. पाणी लागल्याबरोबर ते आणखी पसरले. म्हटलं, झालं, फासणाऱ्याला चुन्यात नीळ कालवायचीही अक्कल नव्हती. तुला आठवतंय ना, शाळेच्या भिंतींना व्हायचं तसं, नीळ नीट विरघळली नाही की गोळे राहतात आणि भिंतीवर निळी थोबाडं उठतात. पण ही नीळ हट्टी, लाकडात मुरलेली. व्हिनेगरने धुतलं, मग जाडा पॉलिशपेपर, मग बारीक. बाबांचा पिवळा रंग तेवढ्या जागी गेला, पण म्हटलं डाग राहण्यापेक्षा कोरं लाकूड बरं. काल संध्याकाळी शेवटचा निळा ठिपका गेला. आता ती फळी अशी स्वच्छ झाली आहे की बाबांनी काल रंधा मारला असं वाटावं.

काल मधेच कुठल्याशा अनोळखी नंबरवरून तीन फोन आले. कर्ज घ्या म्हणणारे असणार. माझे हात ओले होते, उचलले नाहीत.

आता फक्त बिजागऱ्या राहिल्या. आईला सांग, चुना गेला. जयंतीच्या आधी घर नांदगावला. कधी नव्हे ते मला वाटतं आहे की माझ्या या खुळाचा घरातल्या माणसाला काहीतरी उपयोग झाला. शाबासकी पत्रानेच पाठव, लोभासकट.

तुझी
गौतमी


नाशिकरोड,
२१ मार्च २०२६

ताई,

तुझं सतराचं पत्र काल आलं. माझं अठराचं तोवर तुला मिळालंही असेल. दोन्ही एकाच वेळी टपालात होती.

मी कचरा शोधला. घंटागाडी गुरुवारीच घेऊन गेली. टेबलाखाली पॉलिशपेपरचे दोन तुकडे सापडले, त्यांच्यावर निळसर पूड आहे. पाकिटात घालून ठेवले आहेत. भिंत भिंगातून पाहिली, उन्हात धरून पाहिली, ओली करून पाहिली. काही नाही. मी कामात फार चोख आहे ना, काही ठेवलं नाही.

सुरुवातीला काढलेले फोटो आहेत मोबाइलमध्ये. त्यात नुसता चुना दिसतो.

मी हात बघितला होता ताई. पाच बोटं आणि तळवा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी त्याला फतकल म्हटलं. एक महिना नुसती बघत बसले असते तर मला दिसला असता.

खाली ईद आहे. नसीमने पाठवलेला शीरखुर्मा तसाच झाकून ठेवला आहे. आईला काय सांगायचं ते तू ठरव.

गौतमी


नांदगाव,
२७ मार्च २०२६

चि. गौतमीस,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. अठराचं दारातच वाचलं. पोस्टमन विचारत होता काय झालं म्हणून, त्याच्या हातवाऱ्यांवरून कळलं. त्या दिवशी तू समोर असतीस तर मी तुला काहीबाही बोलले असते. मग चार दिवस विचार केला. घाई कर म्हणून मागे लागणारी कोण, मी. चुना फासणारी आई. हात घासणारी तू. तिघींनी मिळून त्या पोरीला पुसलं. आता रडून काय उपेग.

आईला सांगितलं नाय. तोंडच होत नाय. ती रोज सकाळी उठली की पंजा उघडून माझ्यासमोर धरते, म्हणजे काय झालं त्याचं. पहिल्या दिवशी मी मान हलवली, हात दिसायला लागलाय म्हणून. आता रोज हलवावी लागते. गौतमी, इतक्या वर्षांत ती एवढी जेवली नव्हती. काल अर्धी भाकरी खाल्ली, पाणी तापवून नाहायला मागितलं. या माणसाला मी आता काय सांगू?

म्हणून सांगते ते कर. तू चित्रकलेची मास्तरीण. आयुष्य पोरांना हात नि पाय काढायला शिकवण्यात गेलं. हात कर. हाताने रंगवू नको, ओळखू येईल. खालच्या नसीमची नात पाच वर्षांची आहे म्हणालीस, तिचा पंजा निळीत बुडव आणि उमटव. चुलीच्या वर, मागच्या भिंतीवर, बोटं वरच्या बाजूला. वरून थोडा चुना लावून अर्धवट काढ, म्हणजे चुन्याखालून निघाल्यासारखं वाटेल. तुला या खोटेपणाचा तिटकारा आहे ते ठाऊक आहे. तुझे नियम चुलीत घाल. मी पण अंगणवाडीत जन्मभर पोरांना खरं बोला शिकवलं.

जयंतीच्या आधी धम्मपालची रिकामी गाडी नाशिकवरून येईल. त्याला काही सांगू नको. 

ताई


नाशिकरोड,
६ एप्रिल २०२६

ती. ताईस,
जयभीम. वि. वि.

केलं.

पाच दिवस मी ते करणार नाही असं स्वतःला सांगत होते. आईला खरं सांगू, ती समजून घेईल, असं पत्र दोनदा लिहिलं आणि फाडलं. मग तू लिहिलेली अर्धी भाकरी आठवली.

नसीमला खोटं सांगितलं, की खेळ आहे. आयतला आधी वाटीतली नीळ दाखवली तर खुदुखुदू हसायला लागली. तिला म्हटलं हात दे, तिने पटकन उजवा हात पुढे केला. मी तो धरून निळीत बुडवला. पॉलिशपेपरचे ते दोन तुकडे झटकून चिमटीभरही नाही इतकी निळी पूड निघाली होती, ती मी त्या वाटीत आधीच मिसळली होती. बाकी सगळं खोटं आहे ताई, तेवढं खरं आहे. पहिल्या खेपेला हात हलला, फळी पुसून परत केलं. दुसऱ्यांदा नीट उमटला. करंगळी थोडी पुसट, तळव्याच्या मधे पोकळी, जशी लहान मुलांच्या हाताची येते. मग चुना लावला आणि कोरडा खरवडला. कोऱ्या लाकडाला चहाचं पाणी दिलं. होय, मीच दिलं. वीस वर्षांत मी इतकं चांगलं काम केलेलं नाही.

काम संपल्यावर आयत माझा हात धरून म्हणाली की आता हे घर तिचं झालं. मी तिला दुसरं देईन म्हटलं, पत्र्याचं. तिला ते नको आहे.

धम्मपाल शनिवारी घेऊन निघेल. घर जुन्या चादरीत गुंडाळलं आहे, उतरवताना दाराकडची बाजू वर ठेवायला सांग. काय झालं ते लगेच कळव. नाही कळवलंस तरी मी वाट बघत राहणारच आहे.

तुझी
गौतमी


नांदगाव,
२९ एप्रिल २०२६

चि. गौतमीस,
आशीर्वाद.

तुझी तीन पत्रं येऊन पडली आणि मी उत्तर दिलं नाय. हाताने होत नव्हतं. आज लिहिते. पुन्हा विचारू नको, एकदाच लिहीन.

घर अकरा तारखेला आलं. धम्मपालने आणून दारात उजेडात ठेवलं. आई भिंतीच्या कडेने सरकत सरकत आली. पांढरं लुगडं नेसवायला लावलं होतं मला. आधी तिने चुलीला बोट लावलं, मग मडक्यांच्या भोकांना. मग वाकून मागची भिंत बघितली. लय वेळ बघितली. मला वाटलं, पटलं. तिने आपला पंजा त्या हातावर ठेवला, बोटावर बोट. मग तो काढला आणि दुसरा ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, बेबी डावरी होती.

गौतमी, मी विसरले होते. तू लहान होतीस, तुला कुठून ठाऊक असणार. पण मी बारा वर्षांची होते, तिला मी भरवलंय, तिची वेणी घातलीय, आणि मी विसरले. ती डाव्या हाताने खायची, डाव्या हाताने फेकायची. आई म्हणाली, त्या हातावर मी रोज उलथनं मारायचे. उजव्याने खा, लोक हसतील म्हणून. नीळ लावली तेव्हाही मी त्याच हातावर मारलं. एवढं म्हणाली आणि कुणाचा हात आहे ते विचारलं. मी सांगितलं, गौतमीच्या शेजारणीच्या नातीचा. तेव्हा म्हणाली, त्या पोरीचा हात स्वच्छ धुतला होता ना, नीळ डोळ्यात जाते.

खरं काय झालं ते मग सगळं सांगितलं. चिडली नाय. रडलीही नाय. गौतमीला बोलू नको, एवढंच म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं. जयंतीला लोक आले, मेणबत्त्या लावल्या, तिने सगळ्यांना हात जोडले. सकाळी पंजा उघडून माझ्यासमोर धरायची ते बंद झालं. चेहरा दिसत नाय, हेही म्हणायची बंद झाली. आता ती बेबीचं काहीच काढत नाय. मी काढलं तर उठून मोरीत जाते.

काल दवाखान्याच्या पाहणीसाठी एक बाई वही घेऊन आली होती. म्हाताऱ्या माणसांची माहिती लिहून घेत होती. मी खाटेच्या पायथ्याशी बसले होते. तिने काहीतरी विचारलं, मग आईच्या पोटाकडे हात करून विचारलं, तेव्हा मला कळलं, की पोरं किती झाली विचारतेय. तुला ठाऊक आहे आई याचं काय उत्तर देते. रेशनकार्ड काढताना, मोतीबिंदू काढताना, धम्मपालच्या लग्नात मुलीकडच्यांनी विचारलं तेव्हा, दर वेळी तिने तीन सांगितलं. एक गेली, पण तीन. बाबा सुद्धा कधीमधी दोन म्हणून जायचे, तर भर लोकांत त्यांना अडवायची.

काल तिने दोन बोटं वर केली.

मी पुढे झाले, तिचा हात धरला आणि तिसरं बोट उघडायला लागले. ती माझी आई, शहाऐंशी वर्षांची, तिच्यात एवढी ताकद कुठून आली, तिने मूठ मिटून घेतली. बाई वहीत लिहून निघून गेली. मी आईला विचारलं, असं का सांगितलंस. तिने माझ्याकडे बघून सावकाश, मला नीट वाचता यावं म्हणून एकेक शब्द ओठांवर आणून सांगितलं, तिसरी होती हे लोकांना दाखवायला आता उरलंय काय?

घर कपाटावर ठेवलंय. तू येशील तेव्हा ये, पण आईपुढे रडू नको आणि माफी मागू नको, तिला ते सोसवत नाय. पत्र टाकत जा. आता आपल्या दोघींनाच एकमेकींची सय ठेवायची आहे.

तुझी
एकुलती एक बहीण,
नवसा